मॅडम, माझ्या मनात काय चाललंय?

अकरावीच्या पहिल्या तासाला हा प्रश्न येतोच. २२ वर्षं येतोय. विचारणारा दरवर्षी बदलतो, बाक मात्र ठरलेला: खिडकीकडून दुसरी रांग, शेवटून दुसरा. मानसशास्त्र शिकवणारी बाई म्हणजे समोरच्याचं मन वाचणारी बाई, अशी आमच्या तालुक्यात पक्की समजूत आहे. लग्नकार्यात बायका माझ्याशेजारी बसताना पदर जरा जास्तच सावरतात, जणू आतले विचार दिसतील.

एका वर्षी मी वैतागून उत्तर देऊन टाकलं, "तुझ्या मनात डबा आहे." वर्ग एकदम गार. कारण ते खरं होतं. पावणेबारा वाजले होते, पोराच्या दप्तरातून लसणाच्या चटणीचा वास येत होता आणि त्याचा हात तीनदा चेनपर्यंत जाऊन परत आला होता. एवढं ओळखायला पदवी लागत नाही, नाक लागतं. पण त्या वर्गाने वर्षभर माझ्या नजरेला नजर दिली नाही. प्रकल्पवह्या मात्र सगळ्यांच्या वेळेवर आल्या. शास्त्राच्या दृष्टीने ती शुद्ध फसवणूक होती, हे मला मान्य आहे. पुन्हा करायचा मोह मी दर जुलैत आवरते.

हा विषय का घेतला, हे मी पहिल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून घेते, नाव न घालता. "मन वाचता यावं" ही सर्वांत मोठी गड्डी. मग "मैत्रिणीने घेतला म्हणून", "खुन्यांच्या वेब सिरीज आवडतात म्हणून", "सोपा आहे असं ऐकलं". आणि दरवर्षी निदान एक प्रामाणिक चिठ्ठी: "फॉर्म भरताना नेटकॅफेवाल्या दादाने टिक केली." माझ्या बऱ्याच चांगल्या विद्यार्थ्यांना त्या दादानेच मानसशास्त्राकडे पाठवलेलं आहे.

तर अशा या वर्गासाठी नियम लिहून काढायची वेळ परवापरवापर्यंत आली नव्हती. आमचं आपलं चाललं होतं. मग कॉलेजला कुठलीशी समिती येणार असं ठरलं आणि प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक विषयशिक्षकाने आपल्या तासाचे "नियम व अपेक्षा" लॅमिनेट करून भिंतीवर लावावेत. इतिहासवाल्या सरांनी दहा मिनिटांत काम उरकलं: शांतता पाळा, वही आणा, ७५ टक्के हजेरी. भूगोलवाल्यांनी त्यांचेच नियम घेऊन "वही"च्या जागी "नकाशा" घातला. मी मात्र रात्री एक वाजेपर्यंत बसले. माणसं नियम का पाळतात आणि का मोडतात, हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. माझे नियम तरी शास्त्रशुद्ध असायला नकोत?

पहिल्या खर्ड्यात २३ नियम झाले. मग जॉर्ज मिलर आठवला. माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी सातच्या आसपास गोष्टी मावतात, दोन इकडे नाहीतर दोन तिकडे, असं त्याने १९५६ साली मांडलं. म्हणून मी काटछाट करून सात ओळींवर आले. तक्ता लावला, मोठ्याने वाचून दाखवला आणि आठ दिवसांनी तक्त्यावर माझी ओढणी टाकून मुलांना सांगितलं, आठवतील तेवढे नियम लिहा. आता एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने विसरण्याचा अभ्यास स्वतःवरच केला होता. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती तासांनी किती उरल्या ते बघायचं, असं वर्षानुवर्षं चालवून १८८५ साली त्याने पुस्तक काढलं. माझे नियम त्याच्या निरर्थक अक्षरांपेक्षाही वेगाने गळाले. मोबाइलचा नियम सगळ्यांच्या लक्षात होता. दुसरा एक नियम ६१ पैकी ४० जणांनी लिहिला: "चपला बाहेर काढाव्यात." तो माझ्या यादीत नव्हताच. तो कॉम्प्युटर लॅबचा.

नियम क्रमांक एक होता, या वर्गात भविष्य, हस्तरेषा आणि "चेहऱ्यावरून स्वभाव" चालणार नाही. तो पटवून देण्यासाठी मी बर्ट्रम फोररचा प्रयोग केला. फोररने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. मुलांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मीही तसंच केलं. "तू वरून शांत दिसतोस, पण आत खूप काही चालू असतं" वगैरे मजकूर, ६१ झेरॉक्स, घडी घालून. वर्गाने सरळ पाचपैकी पाच दिले. दोघींचे डोळे पाणावले. मग मी सगळ्यांना कागद शेजारच्याशी बदलायला सांगितले. आता फसवणूक उघडी पडणार आणि जन्मभराचा धडा मिळणार, अशी माझी अपेक्षा. काही क्षण शांतता पसरली. मग एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "म्हणूनच आपलं इतकं जमतं गं!"

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील आले. टोपी काढून बसले. म्हणाले, "मॅडम, पोराचं अगदी बरोब्बर लिहिलंय. आता थोरलीचं बघायचं चाललंय, तिचंही एक काढून द्या." मी खरं काय ते समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "झेरॉक्सचे किती झाले?"

आता नियम क्रमांक तीन. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण इथे माझा गुन्हा जाणूनबुजून केलेला आहे.

इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा एक अभ्यास मी दरवर्षी रंगवून सांगते. आईबाप पोरांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून त्यांतल्या काही पाळणाघरांत दर खेपेला दहा शेकेल दंड सुरू केला. उशीर कमी व्हायचा राहिला बाजूला, तो जवळजवळ दुपटीवर गेला. आधी उशीर झाला की ताटकळलेल्या ताईंसमोर ओशाळं व्हायचं. दंड आल्यावर ओशाळण्याचं कारण संपलं, उशीर विकत मिळायला लागला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर जागचा हलला नाही. ग्नीझी आणि रुस्तिकिनी या दोघांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं. मला हा अभ्यास तोंडपाठ आहे. तो शिकवून मी वर्गाबाहेर पडले, स्टाफरूममध्ये आले आणि लिहिलं: "उशिरा येणाऱ्यास पाच रुपये दंड."

का लिहिलं? मला वाटलं, हायफा वेगळं, आपलं गाव वेगळं. शिवाय तो आईबापांचा प्रश्न होता, ही तर पोरं. शास्त्र सगळ्यांना लागू असतं आणि आपण त्यात नसतो, ही भावना फार सुखाची आहे.

पहिल्या आठवड्यात सगळे वेळेवर. मी स्टाफरूममध्ये फुशारकीही मारली. दुसऱ्या आठवड्यात घाटाच्या गाडीने येणाऱ्या पोरांनी दारातूनच नाणी पुढे करायला सुरुवात केली. आधी ही मुलं धापा टाकत यायची, "मॅडम, येऊ का?" म्हणून उंबऱ्यात उभी राहायची, पंक्चर झालेल्या एसटीची कहाणी सांगायची. आता पाचचं नाणं टेबलावर ठेवून बाकावर जाऊन बसायला लागली; चेहऱ्यावर वीजबिल भरून आल्याचं समाधान. एका मुलीने सोमवारी वीसची नोट दिली. "गुरुवारपर्यंतचे, मॅडम." आणि तिसऱ्या आठवड्यात तो शेवटून दुसऱ्या बाकावरचा उभा राहिला. "मॅडम, एसटीचा कसा महिन्याचा पास असतो, तसा उशिराचा काढता येईल का? सवलतीत?"

मी दंड बंद केला. आता उशीर फुकट झाला.

जमलेले ३४० रुपये माझ्याजवळ पडून होते. मुलांचेच पैसे, म्हणून एका बुधवारी काही न सांगता वडापाव मागवले. पुढचा सबंध आठवडा झाडून सगळे वेळेवर हजर, घाटाची गाडी धरून. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी जास्त चिकाटीने खटपट करतो, हे स्किनरने कबुतरांवर दाखवलंच होतं. मीही मनात म्हटलं, चला, अखेर एक सिद्धांत लागू पडला. मग चौकशी केली. आगारप्रमुख बदलले होते, गाडी वीस मिनिटं आधी सुटायला लागली होती.

मोबाइलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दारात टोपली ठेवली, मुलांनी त्यात घरातले मेलेले फोन आणून टाकले, आणि चालू असलेला एकच फोन तासाला वाजला, तो माझा. गॅस सिलिंडरवाला होता. "लहानसहान गोष्टी मुलं आपल्या वागण्यातून उचलतात" हे बंडुराचं म्हणणं त्याच दिवशी शिकवायचं होतं. तोही योग जुळला.

तक्त्यावरचा पाचवा नियम असा: "ठाणे आणि येरवडा ही नावे या वर्गात फक्त भूगोलासाठी वापरावीत." समितीतल्या एका सदस्याने तो दोनदा वाचला आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. पण तो हवाच होता. आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की त्याला लगेच मनोरुग्णालयांच्या या दोन गावांपैकी एकाचं तिकीट काढून द्यायची पद्धत आहे. त्यातून बारावीला मनोविकारांचं प्रकरण सुरू झालं की वर्गात निदानाची साथ येते. वही सरळ रेषेत ठेवणाऱ्याला ओसीडी, परीक्षेनंतर रडणारीला डिप्रेशन, सकाळी हसून दुपारी चिडणाऱ्याला बायपोलर. प्राचार्यांना एका गटाने आत्ममुग्ध ठरवलं. पुरावा म्हणून कॉलेजच्या कॅलेंडरवरचे त्यांचे बारा फोटो आणले. माझ्याही नावाने काहीतरी निदान झालंय. वहीच्या मागच्या पानावर माझी आद्याक्षरं दिसली, पुढचं त्या मुलीने हाताने झाकलं.

आणि सातवा. तो मी लिहिला नव्हता. तक्त्यावर आधी सहाच नियम होते आणि सातवी ओळ मिलरच्या आदराखातर रिकामी होती.

ऑगस्टमधली गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, एक मुलगी मात्र बाकावर वॉटरबॅगचं झाकण लावत बसली होती. लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मी फळा पुसायला घेतला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग ती म्हणाली, "मॅडम, माझ्या एका मैत्रिणीला रात्री झोप येत नाही." मैत्रिणीच्या घरी काय चाललंय, मैत्रीण किती वाजेपर्यंत छताकडे बघत असते, मैत्रिणीने डबा खाणं कधी बंद केलं, सगळं तिने सांगितलं. मी मैत्रिणीचं नाव विचारलं नाही. मैत्रिणीला काय करता येईल, तालुक्याच्या रुग्णालयात कोणत्या वारी कोण डॉक्टर भेटतात, हे तिला कागदावर लिहून दिलं. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "मैत्रिणीला सांगते."

दुसऱ्या दिवशी मी तक्त्याच्या प्लॅस्टिकवरच मार्करने सातवी ओळ लिहिली: "मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या वतीने काहीही विचारता येईल. नाव विचारले जाणार नाही." खाली बारीक अक्षरात: "कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मात्र मॅडम गप्प बसणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवत आहेत." हा नियम आठ दिवसांनी ओढणी टाकून विचारायची गरज पडली नाही. डिसेंबरपर्यंत माझ्याकडे नऊ मैत्रिणी आणि चार मित्र झाले. त्यांतल्या एका मित्राला गणिताची भीती होती, एकाला बापाची. शेवटून दुसऱ्या बाकावरच्याच्या मित्राला कुणीतरी आवडत होतं आणि तिचं मन वाचता येईल का, असा प्रश्न होता. इतक्या वर्षांनी त्या प्रश्नाची खरी गोम मला कळली.

समितीने फॉर्ममध्ये "विद्यार्थ्यांच्या अपेक्षा" असाही रकाना ठेवला होता. तो मुलांनी भरला: पंखा दुरुस्त व्हावा. नोट्स मिळाव्यात. वडापावचा वार जाहीर करावा. मॅडमनी रागावताना मध्ये शास्त्रज्ञाचं नाव आणि साल सांगू नये. शेवटच्या मागणीवर एकमत होतं. सॉलोमन ॲशने १९५१ साली दाखवलंच आहे की गटात माणूस... असो.

राहता राहिला टोल. आमच्याकडे घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि तो वाजवणारे शिपाई मामा. पाव्हलॉव्हला १९०४ सालचं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, आणि त्याच्या प्रयोगशाळेत घंटेपेक्षा मेट्रोनोमच जास्त वाजला, हे सांगितलं की मुलांचा विरस होतो. आमच्याकडे घंटाच आहे. टोल पडला की माझं वाक्य अर्धं असलं तरी ६१ वह्या फटाफट मिटतात. त्यावर मी चिडते, बोलते. पण टोल पडला की माझीही जीभ टाळ्याला चिकटते आणि पाय आपोआप स्टाफरूमकडे वळतात, कारण टोलानंतर मामा चहा आणतात. मामांचा टोल घड्याळावर नसतो. तो आधणावर असतो. चहाला उकळी आली की तास संपतो. हे मला कळायला अकरा वर्षं लागली.

गेल्या शुक्रवारी टोलाला अजून दहा मिनिटं होती. मुलांना उतारा वाचायला दिला आणि मी व्हरांड्यात आले. मामा स्टोव्हपाशी बसले होते.

म्हटलं, "मामा, माझी एक मैत्रीण आहे. तिला हल्ली टोलाच्या आधीच चहा लागतो."

मामांनी आधणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मैत्रिणीला साखर कमी ना?"