हाउझीचा तास

मुंबईत गोवंडीतल्या पोरांना आकडे एका भाषेत कधी भेटतच नाहीत. शिवाजीनगरच्या गल्लीत ‘फिफ्टी’ मारणारा फलंदाज मराठी शाळेत ‘एकोणऐंशी’ लिहितो आणि उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरी तेच मार्क ‘उनासी’ म्हणून सांगतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं आणि या गर्दीत ‘सेव्हन्टी-नाइन’ही येऊन बसला.

घोकंपट्टीला कंटाळलेल्या बाई अशा वेळी हाउझी काढतात.

हाउझीच्या तिकिटावर तीन ओळी, नऊ उभे रकाने आणि पंधरा आकडे. पहिल्या रकान्यात एक ते नऊ, दुसऱ्यात दहा ते एकोणीस, असं करत शेवटच्यात ऐंशी ते नव्वद. बाईंनी ‘फिफ्टी’ म्हणताच पोरांची नजर सहाव्या रकान्यात पोचते. ‘थ्री’ येईपर्यंत पेन्सिल तयार. त्याच बाई ‘त्रेपन्न’ म्हणाल्या तर ‘त्रे’ ऐकून रकाना कळत नाही. त्रेचाळीस, त्रेपन्न की त्रेसष्ट? ‘पन्न’ येईपर्यंत पेन्सिल हवेत.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकानं २०१९ साली नेमकी हीच अडचण धरली होती. त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ आलं आणि मोठ्या माणसांनी आकाश डोक्यावर घेतलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांचा गोंधळ समजावून सांगत होत्या, तर विधानसभेत अजित पवार ‘फडणवीस’ या आडनावातल्या विसाची फोड करत होते. दुसरीतल्या पोरांना मात्र कुणी विचारलं नाही.

म्हणून इंग्रजी फार सरळ आहे असंही नाही. बाई ‘सेव्हन्टीन’ म्हणतात, अर्धा वर्ग ‘सेव्हन्टी’ ऐकतो आणि दुसऱ्या रकान्याऐवजी आठव्यात काट मारतो. मग पहिले पाच आकडे कापून कुणीतरी ‘जल्दी फाइव्ह’ म्हणून ओरडतं, तपासणी होते, तिकीट ‘बोगी’, म्हणजे बाद, निघतं आणि ‘बाई, तुम्हीच बोलला होता’ यावर सगळ्या वर्गाचं एकमत होतं.

जपानी पोरांचीही इंग्रजी आकड्यांपाशी पंचाईत होते. त्यांच्याकडे अकरा म्हणजे ‘जू-इची’, दहा-एक. एकवीस म्हणजे ‘नी-जू-इची’, दोन-दहा-एक. इतक्या शिस्तीत वाढलेल्या मुलाला ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ कुठून आले ते कळत नाही. तिथे २०२० पासून तिसरी-चौथीत इंग्रजीची तोंडओळख आणि पाचवी-सहावीत रीतसर विषय आहे. तिथल्या वर्गातही आकड्यांसाठी बिंगो खेळतात.

गोवंडीत खरी मजा शेवटच्या रकान्यात येते. ८९ ला उर्दू-हिंदी बोलणारं घर ‘नवासी’ म्हणतं, म्हणजे ऐंशीत नऊ मिळवतं. मराठी ‘एकोणनव्वद’ म्हणून नव्वदातून एक काढतं. बाई ‘एटी-नाइन’ पुकारतात तेव्हा बेरीजवाले आणि वजाबाकीवाले एकाच चौकोनावर काट मारतात. फुल हाउसवर मग दोघं हक्क सांगतात. बक्षिसाचा खोडरबर एकच असतो, आणि त्याचे दोन तुकडे करायला दोघांचीही तयारी नसते.