सांगली परदेशात आहे

(रंगमंचावर टेबल, त्यावर उघडा लॅपटॉप, शेजारी पत्र्याचा जुना डबा. पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ येतो. वर ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा. डब्याचं झाकण उघडतो, आत बघतो, घाईघाईनं बंद करतो.)

हा डबा भडंगाचा आहे. सांगलीहून आलाय. भडंग आठ दिवसांत संपलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून यात माझा टॅक्स असतो. अजून कागदाला लसणाचा वास येतो. अमेरिकन सरकारला पाठवलेल्या प्रत्येक कागदाला सांगलीचा वास आहे, एवढं देशकार्य माझ्या हातून झालेलं आहे.

मी एडिसनला राहतो. न्यू जर्सी. तिथं आपली माणसं एवढी, की ओक ट्री रोडवर नुसतं 'अहो' म्हटलं तर चार पुरुष वळून बघतात आणि एक बाई म्हणते, "तुम्ही नका वळू, तिचे वेगळे आहेत."

तर १५ एप्रिल. तिकडचा टॅक्स भरायचा शेवटचा दिवस. पहिली नऊ वर्षं मी सॉफ्टवेअरनं भरला. नाव घेत नाही त्याचं. त्याला माझा पगार, माझी जन्मतारीख, माझं सगळं माहितीये. मी कशाला उगाच वैर घेऊ?

(लॅपटॉपसमोर बसतो.)

फार गोड बोलतं हो ते. नाव लिहिलं की म्हणतं, "छान!" पत्ता लिहिला की, "मस्त चाललंय तुमचं!" माझ्या बायकोनं एकवीस वर्षांत असं म्हटलेलं नाही. आणि वर कोपऱ्यात एक हिरवा आकडा असतो. रिफंड. तुम्हाला परत किती मिळणार. एकेक उत्तर दिलं की तो हलतो. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी जशी बघतो ना... आज किती? रात्रीत किती वाढली?... तसा मी त्या आकड्याकडे बघत बसायचो. फरक एवढाच, की तिकडं ४५ फुटांना धोका, आणि इथं खाली उतरला की धोका.

आणि मग तो प्रश्न आला.

(चष्मा लावून वाचतो.) "या वर्षात परदेशात तुमचं बँक खातं होतं का?"

परदेशात? मी मनाशी विचार केला. स्वित्झर्लंडला माझं काही नाही. सिंगापूरला विमान बदललं होतं, पण तिथं चहासुद्धा घेतला नाही, महाग होता. परदेशात... नाही.

(बोटानं कळ दाबतो.) नाही!

"छान!"

हिरवा आकडा जागच्या जागी. मी खूश, ते खूश, बायको झोपलेली.

आणि खरं सांगतो, फसवायचं मनात नव्हतं हो. खाती होती ती सांगलीत होती. सांगली परदेश कधीपासून झाली? परदेशात तर मी बसलो होतो!

बरं, भाचा शिकायला आला, एफ-वन व्हिसावर. त्यालाही मीच बसवलं या सॉफ्टवेअरसमोर, मोठ्या मामाच्या थाटात. त्यानं मला रेसिडेंट समजा म्हणून भरून टाकलं. आता विद्यार्थी पहिली पाच वर्षं टॅक्सपुरता नॉन-रेसिडेंट असतो, त्याचा फॉर्म वेगळा, १०४०-एनआर. आणि गंमत म्हणजे भारत-अमेरिका करारात आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, बाकी बहुतेक देशांच्या पोरांना मिळत नाही. त्यातलं आम्हाला दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. सॉफ्टवेअर मात्र "छान!" म्हणत होतं. पुढं ते सगळं दुरुस्त करावं लागलं. भाचा अजून मला 'मामा' म्हणतो, पण आता दोन्ही अर्थांनी.

(फोनची घंटा. उचलतो.)

आई! काय गं?... बँकेतून कागद आलाय? कसला?... तुझ्या खात्यावर माझं दुसरं नाव आहे म्हणून? माझा अमेरिकेचा टॅक्सचा नंबर मागतायत?... मग?... (थांबतो.) दिलास? कुठला दिलास?... अगं तो माझा फोन नंबर आहे!

(फोन ठेवतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

२०१५ साली दोन्ही सरकारांचा करार झाला. फॅटका. तेव्हापासून आपल्या बँका अमेरिकावाल्यांच्या खात्यांची माहिती गोळा करून पाठवतात. म्हणजे सांगलीच्या बँकेला माहीत होतं मी अमेरिकेत आहे. अमेरिकेला कळणार होतं माझं सांगलीत खातं आहे. फक्त मलाच माहीत नव्हतं, की सांगली परदेशात आहे.

गेलो. ओक ट्री रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. सीपीए. आत एक बाई. वय साठ, अंबाडा, नाकावर चष्मा. बोलणं असं, की मी नकळत हाताची घडी घातली.

सगळे अकाउंटंट असे असतात असं समजू नका हां. त्याआधी एकदा एकाकडे गेलो होतो. त्यानं माझा पगाराचा कागद घेतला, काही विचारलं नाही आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइप केला. मी समोर बसून बघतोय. "छान!" त्याचे दोनशे डॉलर. म्हणजे यंत्र का माणूस, हा प्रश्नच नाही. विचारतं कोण, हा आहे.

या बाईंनी मात्र पगाराचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आई आहे?"

म्हटलं, "आहे."

"वडील?"

"नाहीत. सात वर्षं झाली."

"मग आईनं सगळीकडे तुमचं नाव दुसरं लावलं असेल. आयदर ऑर सर्व्हायव्हर."

मी गप्प.

"पोस्टात?"

"...आरडी आहे."

"तुमच्या घरी एलआयसीवाले काका कोण?"

(प्रेक्षकांकडे.) सॉफ्टवेअरला हा प्रश्न सुचेल? अहो, हा प्रश्न पत्रिका जुळवताना विचारतात! "कोपऱ्यावरचे काका," मी म्हटलं, "मनी बॅक घ्यायला लावली होती."

"कॅश व्हॅल्यू असेल तर तीही सांगायची. पीपीएफ?"

"पीपीएफ तर टॅक्स-फ्री आहे!"

"भारतात. इथं व्याजाला माफी नाही. म्युच्युअल फंड?"

"एसआयपी. तीन. दोन-दोन हजारांच्या." हे मी अभिमानानं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. डॉक्टर रिपोर्ट बघून काढतात ना, तसा.

"त्याला इथं पीएफआयसी म्हणतात. १९८६ पासूनचा कायदा आहे. फॉर्म ८६२१. दर फंडाला वेगळा. रक्कम लहान असली तर काही वेळा सूट असते, ते बघू. विकला आणि फायदा झाला, की साधारण सर्वांत वरच्या दरानं कर आणि वर मागच्या वर्षांचं व्याज."

"माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हा फॉर्मच नव्हता हो."

"म्हणून तर इतकं छान चाललं होतं तुमचं."

मग एफबार. इथं आपण जरा थांबू, कारण इथंच माझं आयुष्य थांबलं होतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर कळवायचं. डॉलरला ८५ धरले तर साडेआठ लाख. आईच्या ठेवी धरून आमची बेरीज त्याच्या कितीतरी वर. आणि कळवायचं कुणाला? टॅक्सवाल्यांना नाही. अर्थखात्याचा वेगळा विभाग आहे, काळा पैसा शोधणारा. १९७० चा कायदा, लोक गुपचूप बाहेरच्या बँकांत पैसे दडवत होते म्हणून केलेला. त्यात आता एकाच ओळीत कोण कोण? एक तस्कर, एक हवालावाला आणि माझी आई. निवृत्त मुख्याध्यापिका.

बाई म्हणाल्या, "प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वांत जास्त शिल्लक आणा."

(फोन लावतो.)

आई, जरा पासबुकं काढ... सगळी. एफडीच्या पावत्यासुद्धा... कशाला म्हणजे? हवंय... नाही गं, तुझी सून नाही विचारत! तिला काय करायचंय?... अमेरिकेचं सरकार विचारतंय... (ऐकतो.) नाही, त्यांना काही कमी नाही... मागत नाहीयेत ते, नुसतं विचारतायत... हो, म्हणजे तुझ्या मावशीसारखंच. बरं सांग. जानेवारी ते डिसेंबर... बँकेचं वर्ष एप्रिलपासून असतं हे माहितीये मला, यांचं जानेवारीपासून असतं... अगं मी नाही ठरवलं ते!

(फोन छातीशी धरून.) दीड तास. आईच्या एफडी एका बँकेत नाहीत. पाच लाखांपर्यंतच विमा असतो म्हणून तिनं बँका वाटून घेतल्यात. आणि बँकेतसुद्धा एकच मोठी ठेव नाही. एक मोडली तर बाकीच्या शाबूत राहाव्यात म्हणून लाख-लाखाच्या पावत्या. अमेरिकेत याला पोर्टफोलिओ म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

खाती मोजली. पोस्ट, पीपीएफ, पॉलिसी, सगळं धरून तेवीस. बाईंना सांगितलं. त्या हळहळल्या. "अरेरे! पंचवीस असती तर प्रत्येकाचा तपशील भरावा लागला नसता. नुसता आकडा लिहायचा. कागद फक्त जपून ठेवायचे, मागितले तर दाखवायला. दोन कमी पडली."

हे मी आईला सांगितलं, ही माझी चूक.

आता मागच्या वर्षांचं. नऊ वर्षं मी 'नाही' दाबलं होतं. त्यालाही वाट आहे. तीन वर्षांचे रिटर्न दुरुस्त करायचे, सहा वर्षांचे एफबार भरायचे, वर पाच टक्के दंड. आणि एक निवेदन. मुद्दाम केलं नाही, नजरचुकीनं झालं, ते कसं झालं हे आपल्या शब्दांत, सविस्तर. मी म्हटलं, वा! शाळेनंतर पहिल्यांदा कुणी तरी मला निबंध लिहायला सांगितला. रात्रभर बसून लिहिला.

(डब्यातून कागद काढतो, वास घेतो, वाचतो.)

"माननीय महोदय, माझा जन्म सांगलीचा. माझी आई सांगलीत राहते. माझ्या वडिलांची रक्षा कृष्णेत विसर्जित केली. आपण विचारलंत, परदेशात खातं आहे का. मी सांगलीला परदेश समजत नव्हतो. कळावे, लोभ असावा."

बाईंनी वाचला. बराच वेळ खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "असा नाही चालणार. तारखा घाला. 'लोभ असावा' काढा." आणि माझा कागद परत न देता ड्रॉवरमध्ये ठेवला. ही प्रत आहे.

फी बाराशे डॉलर. आईला रुपयांत सांगितली. ती म्हणाली, "लाख रुपये? आमच्या सोसायटीतले काका पाचशे रुपयांत भरतात, वर चहा पण आपलाच पितात."

तर यंदा पुन्हा एप्रिल. बाई आहेतच, पण आधी स्वतः एकदा भरून बघायची सवय जात नाही.

(लॅपटॉपसमोर बसतो.) "परदेशात खातं होतं का?" हो. "कोणत्या देशात?" यादी येते. हंगेरी... आइसलंड... त्याच्या खाली... (बोट पडद्यावर ठेवतो, तसाच थांबतो.) आइसलंडच्या खाली.

(फोनची घंटा.)

हं, आई... काय?... कसले फॉर्म आणलेस?... अगं, पंचवीस करायची म्हणजे... मी नुसतं सांगितलं होतं तुला!... दोन एफडी? माझ्या नावानं?... बरं, मग काढल्यास का?... माझी सही लागते?... पाठव ना इकडे, करून पाठवतो... (ऐकतो. हळूहळू लॅपटॉपचं झाकण मिटतो.) बँकेत समोर येऊनच करावी लागते?... असं कोण म्हणालं?... मॅनेजर म्हणाला का तू म्हणतेस?

(मोठी शांतता.)

...गणपतीत येऊ का?

(अंधार.)