झऱ्याचे गुरुजी

चीनच्या शानदोंग प्रांतात, जिनान शहरात, अनोळखी माणसालाही 'लाओशी' म्हणजे गुरुजी म्हणून हाक मारायची रीत आहे. बसचा ड्रायव्हर गुरुजी, भाजीवाली गुरुजी, रस्ता विचारणारा गुरुजी आणि सांगणाराही गुरुजीच. बाकीचे लोक ही पदवी अंगाला लावून घेत नाहीत. बाओतू झऱ्याच्या बागेत रोज सकाळी हजेरी लावणारा निवृत्त गृहस्थ मात्र ती मनावर घेतो.

तो ओळखायला सोपा. एका हातात चहाची काचेची बाटली, दुसरा हात पाठीमागे, नजर कुंडावर. कुंडात तीन ठिकाणी पाणी उसळत असतं, भाताचं आधण उकळावं तसं. फक्त हे आधण बारा महिने 18 अंशांवर. तुम्ही फोटोसाठी मोबाईल उचललात की गुरुजी शेजारी सरकलेच म्हणून समजा. चिनी येत नाही म्हणालात तर ते सावकाश नव्हे, मोठ्यानं बोलतात. मोबाईलमधला अनुवादक तिसऱ्या वाक्याला मान टाकतो. गुरुजी टाकत नाहीत.

पहिला प्रश्न ठरलेला : आजचा आकडा पाहिलात का? झऱ्याची पातळी इथं रोज जाहीर होते, मीटरमध्ये, दशांशाच्या दोन घरांपर्यंत. 28.15 च्या खाली गेली की पिवळा इशारा. आकडा दोन सेंटीमीटरनं चढला तर गुरुजी ओळख नसलेल्यांकडे बघूनही हसतात. उतरला तर हवामान खात्यापासून नव्या बांधकामांपर्यंत सगळ्यांची झडती घेतात.

मग भूगोल. दक्षिणेच्या डोंगरातला चुनखडक पावसाचं पाणी पितो, ते जमिनीखालून उत्तरेला उतरतं, शहराखाली कठीण अग्निजन्य खडक आडवा येतो आणि पाण्याला वर येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे सगळं गुरुजी एक तिरका तळहात आणि बाटलीचं झाकण एवढ्या सामग्रीवर शिकवतात. झाकण म्हणजे अग्निजन्य खडक. ते तुमच्या हातात देतात, आणि धडा संपेपर्यंत तुम्ही ते धरून उभे.

कुंडातल्या शिलालेखाकडे बोट गेलं की ते खुलतात. मिंग काळातल्या हू ज्वानजोंगनं झऱ्याचं नाव लिहिलं, पण मधल्या अक्षरात एक ठिपका कमी. लोक म्हणतात, पाण्याच्या जोरानं तो उडाला आणि जवळच्या दामिंग सरोवराच्या पाटीवर जाऊन बसला. तिथल्या अक्षरात म्हणे एक रेघ जास्त आहे. शास्त्र शिकवणारे गुरुजी ही गोष्टही तितक्याच गंभीर चेहऱ्यानं सांगतात. पुरावा मागाल तर सरोवराची वाट दाखवतील.

याच बागेत सोंग काळातली थोर कवयित्री ली छिंगजाओ हिचं स्मारक आहे. तिथंही नेतात, पण उरकल्यासारखं. बाईंच्या कवितेत पातळी येत नाही.

एक विषय तेवढा काढायचा नाही. छ्यानलोंग बादशहा इथलं पाणी प्यायला आणि त्यानं याला 'पृथ्वीवरचा पहिला झरा' ठरवलं, अशी इथली परंपरा. पंचाईत एवढीच की बीजिंगच्या यूछ्वान झऱ्यालाही हीच पदवी आहे, आणि तीही त्याच बादशहाकडून. शिवाय जन्च्यांगचा एक झरा पहिलेपणाचा हक्क सांगतो तो वेगळाच. गुरुजींचं म्हणणं, बादशहानं इथलं पाणी आधी चाखलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

हे सगळं अतिच वाटतं खरं. पण या माणसानं झरा आटलेला पाहिलाय. शहर विहिरी खोदखोदून भूजल उपसत राहिलं, आणि मार्च 1999 पासून अडीच वर्षं कुंडातून थेंब वर आला नाही. आला, पुन्हा गेला. अखेर विहिरी बंद झाल्या, नळाला पीत नदीचं पाणी आलं, डोंगराकडच्या नदीपात्रात धरणाचं पाणी मुरवायला सोडलं गेलं. 6 सप्टेंबर 2003 ला झरा उसळला तो आजवर थांबलेला नाही. एवढं सांगताना मात्र गुरुजींचा आवाज चढत नाही, आणि झाकण परत मागायचंही त्यांच्या ध्यानात राहत नाही.

जिनानला जाणार असाल तर पावसाळ्याच्या अखेरीस जा. पातळी वर असते, गुरुजींचं डोकं शांत असतं. आणि बीजिंगहून आलात हे शक्यतो सांगू नका.