नवा शिक्षणसेवक आणि दुसरीचा वर्ग

जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होणारा शिक्षणसेवक डी.एड., टीईटी आणि शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल पार करून आलेला असतो. दुसरीचा वर्ग यांपैकी कशालाच जुमानत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने छडी बंद केली, हे मुलांना पाढ्यांपेक्षा पक्के पाठ असते. ‘गुरुजी, ह्यानं माझा खोडरबर खाल्ला’ ही तक्रार रोजची, आणि (दुर्दैवाने) बहुधा खरी. फळ्याकडे वळताच पाठीमागे आठवडी बाजार भरतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा उपाय जुनाच. ते बोट मिनिटभरात शेजाऱ्याच्या बरगडीत जाते. खिचडीची घंटा झाली की मात्र रांग आपोआप सरळ. शिक्षणहक्क कायद्याच्याच कलम २७ नुसार शिक्षकाला जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाला जुंपता येते. नवखे त्याकडे रजा म्हणून पाहतात.