आवाजावरून सांगणारे अण्णा

कारेगावात जुनी ईको घ्यायची ठरली, की पैशांच्या जुळणीआधी अण्णांची सवड विचारावी लागते. अण्णा हे पद आहे. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ते गावोगावी भरलेलं असतं आणि कधी रिकामं पडत नाही. अण्णा मेकॅनिक नसतात, एजंट नसतात, कमिशन तर घेतच नाहीत. त्यांना ‘गाडीतलं कळतं’, एवढीच त्यांची पात्रता, आणि ती कोणी तपासलेली नसते. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या या गावाला रांजणगावची एमआयडीसी चिकटलेली, त्यामुळे पाळ्यांना कामगार नेणाऱ्या-आणणाऱ्या व्हॅन इथे सारख्या हात बदलतात. त्याच वसाहतीत फियाटच्या कारखान्यात नव्या मोटारी तयार होतात आणि प्रत्येकीचा जन्म चॅसी नंबरासकट नोंदला जातो. कुंपणाबाहेर मात्र मोटारीचं वय अण्णा आवाजावरून सांगतात.

आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा, मग टायरला लाथ. (लाथेवरून नेमकं काय कळतं, हे कोणत्याही अण्णांनी आजवर उघड केलेलं नाही.) दार दोनदा आपटायचं, ऑइलची दांडी काढून तेल बोटांत चोळायचं, इंजिन चालू करून डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ‘इंजिन अजून खोललेलं नाही.’ याला हसणं सोपं आहे, पण या विद्येला घराणं आहे. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचं तोंड उघडून दोनदाती, चारदाती, जुळलेला असं वय सांगणाऱ्यांचे हे वारसदार. तिथे डोळा आणि हात हेच दप्तर होतं आणि ते पुरतही होतं, कारण बैलाचे दात एका रात्रीत बदलता येत नसत. व्हॅनचे येतात. सीटकव्हर, पेडलची रबरं, गिअरच्या दांड्याची मूठ दुपारभरात नवी होते, आणि मीटर तर लॅपटॉप जोडून चहा थंड व्हायच्या आत मागे नेता येतं. अण्णा ज्या खुणा वाचतात त्या विकणाऱ्यालाही पाठ असतात, ही खरी अडचण.

साधा हिशेब घ्या. पाळीच्या कामावरची व्हॅन दिवसाला शंभर किलोमीटर धावते असं धरलं आणि वर्षाचे तीनशेच दिवस मोजले, तरी आठ वर्षांत २,४०,००० होतात. मीटर म्हणतं ६२,०००. खुलासा तयार असतो: ‘घरगुती वापर. वर्षातून एकदा देवदर्शन.’ अण्णा मान डोलावतात आणि पुरावा म्हणून पांढरी नंबरप्लेट दाखवतात. पण पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला उभं राहावं लागतं. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला पहिली १५ वर्षं फिटनेससाठी कोणी बोलवत नाही. म्हणजे जिचा इतिहास सरकारदरबारी आहे ती ‘धंद्यातली’ म्हणून नाकारायची, आणि जिला इतिहासच नाही ती निष्कलंक समजून घरी आणायची! ब्रिटनमध्ये तपासणीच्या वेळचं मीटरचं रीडिंग गाडीचा नंबर टाकून कोणालाही फुकट पाहता येतं. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरच्या नोंदींचा दाखला द्यावाच लागतो. आपल्या आरसीवर किलोमीटरचा रकानाच नाही.

म्हणून इतर कागदांना बोलतं करावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर त्या दिवशीचं मीटर लिहिलेलं असतं. २०२१ च्या कार्डावर १,१०,००० आणि आज ६२,००० असतील, तर गाडी तेव्हापासून रिव्हर्समध्येच चालवली असणार. एम-परिवहनवर विम्याची आणि पासिंगची मुदत दिसते, बोजाही कळतो. टायरच्या अंगावरचे चार आकडे बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘टायर अजून कंपनीचेच’ म्हणणाऱ्याच्या २०१६ च्या गाडीवर २३२२ असेल, तर पहिला संच कुठल्या देवाला वाहिला ते विचारावं. जुन्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य दिसला, तर ‘साधा ओरखडा नाही’ हे वाक्य पुन्हा एकदा म्हणायला सांगावं. पण सगळ्यांत रसाळ वाचन ई-चलानचं. त्यात तारीख, वेळ, ठिकाण, सगळं असतं. वर्षातून एकदा देवदर्शनाला जाणारी व्हॅन रात्री दोन वाजता चाकणला काय करत होती, याचं उत्तर भल्या भाविकालाही सुचत नाही.

‘कागदंही खोटी असतात,’ असं अण्णा म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. एखादा कागद वाकवता येतो. पण सर्व्हिस सेंटर, विमा कंपनी, टायरचा कारखाना आणि पोलिसांचा कॅमेरा या चौघांनी मिळून एकच खोटं सांगणं अवघड आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: गिअरबॉक्सची घरघर, पत्र्याखालचा गंज, सायलेन्सरमधला निळसर धूर कुठल्याच ॲपवर दिसत नाही. मान्य. तिथे अण्णांचा कान हवाच, फक्त तो कागदांनंतर लावावा. तिसरा आक्षेप अण्णा तोंडाने बोलत नाहीत, पण तोच सगळ्यांत मोठा. विकणारा बहुधा पाहुण्यांपैकी निघतो. त्याच्याकडे जॉबकार्ड मागणं म्हणजे सोयरिकीवरच संशय. टायरला मारलेली लाथ चालते, तपासलेलं चलान चालत नाही.

माझ्या मते अण्णांची खरी नेमणूक याच जागेवर असते. गाडी पोराने आधीच पसंत केलेली असते, मागच्या काचेवर काय लिहायचं तेही ठरलेलं असतं. अण्णांनी भाव पाच हजारांनी उतरवायचा आणि पुढे क्लच गेलाच तर शिव्यांतला वाटा उचलायचा. दोन्ही कामं ते चोख करतात, म्हणून हे पद टिकून आहे. समोरच्या बाजूलाही एक अण्णा असतातच, आणि नावावर करायचं ‘होत राहील’ यावर दोघेही ठाम असतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्याआधी अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. हे ऐकून दोन्ही अण्णा एकमेकांकडे बघतात, आणि इसाराच्या नोटा मोजता मोजता त्यांच्यातले वडीलधारे सांगतात, ‘ते पुण्यातल्या गाड्यांचं असतं.’