घोटकीची सून

शहाण्या माणसाने सोयरीक उल्हासनगरात करावी, पिंपरीत करावी, फार तर इंदूरला. नागपूरच्या जरीपटक्यातली काही सिंधी घरं मात्र अजूनही पाकिस्तानातल्या सिंधमधली, घोटकी, सक्कर, जेकबाबादकडची मुलगी सून म्हणून आणतात. व्यवहाराने पाहिलं तर हा धडधडीत मूर्खपणा आहे, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे.

1955च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 5 सांगतं की भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीने इथे सात वर्षं राहावं. सात वर्षांनी हाती येतो तो फक्त अर्ज करण्याचा हक्क. त्यातलं शेवटचं वर्ष सलग भारतातच काढायचं. त्या वर्षात घोटकीला आईने अंथरूण धरलं तर? केंद्र सरकार विशेष परिस्थितीत, तसं लेखी नोंदवून, जास्तीत जास्त तीस दिवस माफ करू शकतं. तीस दिवसांत बरं व्हायचं की जायचं, ते त्या माउलीने ठरवावं.

तोवर सून एलटीव्हीवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते. तिची फाइल सासूच्या कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी असते. लग्नाचा दाखला, घराचं वीजबिल, पासपोर्ट, फोटोंची पाकिटं. पासपोर्टची मुदत संपत आली की दिल्लीला पाकिस्तानी उच्चायुक्तालयाची वारी. भारतीय व्हायचं म्हणून आधी पाकिस्तानी कागद ताजा ठेवायचा, हे तिला पहिल्याच वर्षी पाठ होतं.

आता याच घराच्या आजोबांचं पाहा. तेही सिंधमधूनच आले, फाळणीत, अंगावरच्या कपड्यांनिशी. राज्यघटनेच्या कलम 6 प्रमाणे 19 जुलै 1948 पूर्वी येऊन इथेच राहिलेले निर्वासित अर्जाशिवाय नागरिक ठरले. नंतर आलेल्यांना नोंदणीसाठी अर्ज करावा लागला, आणि त्याआधी सहा महिन्यांचं वास्तव्य पुरलं. छावण्या ओसंडून वाहत होत्या, तिजोरी रिकामी होती, संगणकाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. तरी सहा महिने पुरले. नातसुनेला सात वर्षं का लागावीत, याचं उत्तर मला कुठल्याच नियमावलीत सापडत नाही.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. डिसेंबर 2016मध्ये शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले, त्यांत नागपूरचेही होते. 2019च्या दुरुस्तीने पाच वर्षांची वाट खुली केली, पण 31 डिसेंबर 2014पर्यंत आलेल्यांनाच. 2015च्या लग्नसराईत आलेली नवरी बाहेर राहिली.

2019च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानात जाणाऱ्या समझौता आणि थार एक्स्प्रेस थांबल्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025मध्ये, अटारीची सीमाही बंद झाली. पाकिस्तानी हिंदूंचे आधी दिलेले एलटीव्ही कायम राहिले, म्हणून सून घरात राहिली. माहेर मात्र व्हिडिओ कॉलवर आलं.

एवढं सोसूनही या घरांना शहाणपण आलेलं नाही. भाषा एक, झुलेलाल एक, रक्ताची नाती अजून जिवंत, मग मुलगी तिकडची का नको, असा त्यांचा साधा सवाल असतो. धाकट्यासाठी स्थळ पाहायचं निघालं की फाइलवाली सूनच आपल्या मावसबहिणीचा फोटो पुढे करते.