परग्रहावरचे कंत्राटदार

झेकारिया सिचिन यांनी १९७६ साली पुस्तक लिहून सांगितले की, निबिरू नावाच्या ग्रहावरच्या ‘अनुनाकी’ या रहिवाशांना सोन्याच्या खाणींत राबायला मजूर हवे होते, म्हणून त्यांनी माणूस घडवला. अंतराळ ओलांडून येणाऱ्यांना खोदकामाचे एक यंत्र मात्र जमले नाही! बरे, माल तरी कसा दिला? उभे राहिले की कंबर धरते, अक्कलदाढ जबड्यात मावत नाही, घास आणि श्वास घशात एकाच वाटेने जातात. डीएनएही नवा नाही; बराचसा चिंपांझीशी जुळणारा. लाखो वर्षे ठिगळे लावत उत्क्रांतीने केलेले हे काम जीवाश्मांत स्पष्ट दिसते. इतक्या ढिसाळ कामाचा आळ परग्रहवासीयांवर घ्यायचाच असेल, तर निदान पुरावा तरी दाखवा.